दगाच्या विहिरीभोवतीची पांढरी रेघ

९ जानेवारी १९९६, मंगळवार

भूपेंद्रभाईंनी नव्या वर्षाची डायरी दिली. ते आमच्या डेपोचे मालक. दरवर्षी डायरी ऑफिसातल्या साहेबलोकांना मिळते आणि माझं कॅलेंडरवर भागवतात. यंदा मलाच का, ह्याचा सकाळपासून विचार करतोय. बहुतेक मी तोंड बंद ठेवावं म्हणून. बरं, तोंड बंद ठेवीन, पण लिहीन. उद्या कोर्टकचेरी झाली तर तारखेसकट सांगता आलं पाहिजे.

तर पहिल्यापासून. नवरात्रात डेपोची भट्टीच्या तेलाची टाकी तळातून फुटली. काळं, चिकट तेल इच्छापोरच्या आमच्या चाळीमागे मोकळ्या जागेत पसरलं आणि जमिनीत मुरलं. दिवाळीत विहिरीच्या पाण्यावर रंगीत तवंग आला. तेव्हापासून बाया डेपोच्या नळावर रांग लावतात.

ही विहीर माझ्या धाकट्या भावाने खोदली. दगाने. चाळीतले बाकीचेही होते, सगळे आमच्या खानदेशातलेच, पण पहिली कुदळ त्याची आणि तळाचा गाळ उपसायला उतरला तोही तोच. पाणी लागलं तेव्हा वरती आम्हाला कळायच्या आत त्याने खाली एकट्यानेच ओंजळभर पिऊन घेतलं. चौऱ्याण्णवच्या प्लेगमध्ये दगा गेला. धडधाकट माणूस, ताप आला आणि तिसऱ्या दिवशी संपला. आता त्याचं म्हणून ह्या सुरतेत एवढी एक विहीरच आहे.

एप्रिलअखेर जमीन साफ झाली नाही तर सगळी माती उचलून न्यायची, विहीर बुजवायची आणि वर काँक्रीट घालायचं, असं सरकारी साहेबांनी ठरवलंय. मला त्या जागेवर राखणीला ठेवलंय. म्हणजे भावाच्या विहिरीवर भाऊच पहारेकरी. कोणाच्या डोक्यातून हे निघालं कोण जाणे.

१२ जानेवारी, शुक्रवार

बडोद्याहून एक बाई आल्या. गायत्री मॅडम. बडोद्याच्याच मराठी, वयाने आमच्या लेकीएवढ्या, नूतनएवढ्या असतील. बरोबर निळे कॅन. आत तपकिरी पाणी, थोडा फेस. मी विचारलं, औषध आहे का? तर हसून म्हणाल्या, "नाही काका, जंतू आहेत. हे तेल खातात."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. ज्या सुरतेत दीड वर्षापूर्वी जंतू म्हटलं की माणसं बायकापोरं घेऊन स्टेशनाकडे पळत होती, त्या सुरतेत ह्या कॅन भरून जंतू आणतात आणि वर हसतात!

"कुठून आणले?"

"आणले कुठून नाही, इथलेच आहेत. तेल सांडलं तिथल्याच मातीत सापडले. ते पकडून लॅबमध्ये वाढवले बस. माणसाला काही करत नाही हां."

म्हणजे आमच्या चाळीखाली आधीच जंतू होते, आणि ह्यांनी ते खाऊ घालून वाढवले. हे त्या स्वतःच्या तोंडाने बोलल्या. तारीख वर आहेच.

१५ जानेवारी, सोमवार

काल उत्तरायण. सगळं सुरत गच्चीवर पतंग उडवत होतं. मी मात्र जागेवर बसून विचार केला.

मॅडमनी तेलकट माती उकरून तिचे चार वाफे केलेत. तीन विहिरीच्या अलीकडे, चौथा नाल्यापलीकडे. मातीत भाताचं तूस आणि युरिया मिसळला, कॅनमधलं पाणी शिंपडलं. रोज पाणी मारायचं आणि दिवसाआड फावड्याने माती खालीवर करायची. जंतूंना हवा लागते म्हणे. जाताना मला बोट दाखवून बजावलं, "काका, वाफ्यांवर दुसरं काही टाकायचं नाही. फिनाइल नाही, साबणाचं पाणी पण नाही."

का बरं नाही? ज्याची नियत साफ त्याला फिनाइलची भीती कशाला?

मी ब्लीचिंग पावडर आणली. प्लेगनंतर सगळ्या शहराला ह्याच पावडरीने वाचवलं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. गल्लीगल्लीत पांढऱ्या रेघा होत्या. आमच्या खोलीपुढे ती रेघ पडली ती दगाला नेल्यावर. एक दिवस आधी पडली असती तर, हे माझ्या मनातून अजून जात नाही. म्हणून आज पहाटपाळीची हजेरी लागली की मॅडम यायच्या आत वाफ्यांभोवती रेघ ओढली, विहिरीच्या कडेनेही ओढली, आणि वाफ्यांवरून दोन-दोन मुठी भुरभुरवल्या. मग पाणी मारलं, म्हणजे दिसायला नको. चौथ्या वाफ्याकडे गेलो नाही, तिथलं पाणी-फावडं डेपोचे मजूर बघतात. नाला ओलांडायचा म्हणजे गुडघा बोंबलतो, आणि तिकडे आपलं कुणी राहत नाही.

जंतूंनी तेल खायचं ते खावं, माझं काही म्हणणं नाही. रेघेबाहेर यायचं नाही. आणि एवढ्याशा पावडरीने मरायला ते काय मोठे नाजूक आहेत? सहा फुटाचा दगा ज्यांनी खाल्ला, त्यांच्याच जातीचे ना?

२८ जानेवारी, रविवार

आज एक गोष्ट लिहून ठेवतो, म्हणजे पुढे माझी फसवणूक कुठे झाली ते कळेल. माझं नाक गेलेलं आहे. डाइंग-प्रिंटिंग मिलमध्ये सुती कापडाच्या धुलाईखात्यात, क्लोरीनच्या हौदावर उभा राहून वीस वर्षं काढली, तिथेच ते गेलं. आता मला ना तेलाचा वास येत, ना बायकोच्या, सरलाच्या फोडणीचा. त्यामुळे वासाच्या बाबतीत मला दुसऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागतं, आणि लोकांची तोंडं कशी असतात ते मला माहीत आहे.

मॅडम रोज मूठभर माती नाकाशी धरतात. आज तीन वाफ्यांची माती हुंगून कपाळाला आठ्या घातल्या. चौथ्याची हुंगली आणि मान डोलावली. मला दाखवायला, दुसरं काय.

बोटांना भेगा पडल्यात. पावडर चावते. मिलमध्येही अशीच चावायची.

१० फेब्रुवारी, शनिवार

हेमराज आला होता. डंपरवाला ठेकेदार, अमळनेरकडचा, आपला माणूस. माती उचलायचं आणि विहीर बुजवायचं काम निघालं तर त्यालाच मिळणार. चहा पिता पिता म्हणाला, "बन्सीभाऊ, ती बाई तुम्हले येडं बनाडी राहिनी. जंतू तेल खातस! मंग पेट्रोलपंपवर काबरं नही खातस?"

मला हसू आलं. बिनतोड बोलला. मग हळूच म्हणाला, "ध्यान ठेवा. ह्या लोक बाहेरथीन चांगली माती आणीसन टाकतस आनि म्हनतस, साफ व्हयनी."

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. हेमराजला विहीर बुजवायची आहे हे मला कळतं, मी काही दूधखुळा नाही. त्याच्यावरही माझं लक्ष आहे. पण एवढं मात्र तो खरं बोलला असेल.

१९ फेब्रुवारी, सोमवार

बडोद्याहून मातीचा रिपोर्ट आला. मॅडम आणि भूपेंद्रभाई वाफ्यांजवळ उभं राहून बोलत होते आणि मी पाइप धरून जवळच होतो. तीन वाफ्यांतलं तेल होतं तेवढंच आहे. चौथ्यातलं बरंच उतरलंय.

झालं की नाही! माझा पहारा ज्या तीन वाफ्यांवर, तिथे काही चमत्कार होत नाही. जिथे मी जात नाही तिथे मात्र होतो. चौथ्यात माती बदलली गेली, ह्यात मला आता शंका उरली नाही.

मॅडमचा चेहरा उतरला होता. म्हणाल्या, "समजतच नाही. चारी वाफ्यांना एकच जंतू, एकच खत, एकच पाणी." भूपेंद्रभाईंनी फक्त घड्याळ बघितलं. जाताना मला म्हणाले, "बन्सीभाई, ध्यान राखजो."

राखतोय. मुठी दोनाच्या तीन केल्या.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

दुपारची जेवणं नाल्यापलीकडे जाऊन जेवतोय. गुडघ्याची वाट लागली, पण चौथ्या वाफ्यावर नजर ठेवायची म्हणजे ठेवायची. टेम्पो येत नाही, पाट्या येत नाहीत, कुणी माती टाकत नाही. मग ही माती साफ होते कशी? हात लावून बघितली. बाकीच्या तीन वाफ्यांची माती बोटांना चिकटते, ही सुटी, शेतातल्यासारखी. एक गांडूळही दिसलं.

बाई माझ्या कल्पनेपेक्षा हुशार आहे.

५ मार्च, मंगळवार. होळी

आज जे बघितलं ते नीट लिहितो.

मॅडमनी प्रत्येक वाफ्यातली थोडी माती बाटलीत घेतली, पाणी घालून हलवली, वरून कसलंसं औषध टाकलं. तीन बाटल्यांतलं पाणी निळंजांभळं झालं. चौथ्या वाफ्याचं झालं नाही. त्या बराच वेळ उकिडव्या बसून त्या बाटल्यांकडे बघत राहिल्या. मग उठून वाफ्यांच्या कडेकडेने फिरल्या, विहिरीपाशी वाकल्या, बोटाने जमीन खरवडली, आणि वळून माझ्याकडे बघितलं. मी पाइप गुंडाळत होतो. मला वाटलं आता काही विचारतील. विचारलं नाही. माझ्या हातांकडे मात्र बघत होत्या.

संध्याकाळी होळीला नारळ घेऊन घरी गेलो तर मॅडम आमच्या ओट्यावर! सरलाजवळ बसलेल्या. मी जवळ जातोय तोच सरलाचं बोलणं कानावर आलं, "त्यासले सांगू नका, मॅडम. त्यासले सहन नही व्हनार. मी करस काहीतरी." मला बघून दोघी गप्प. सरलाने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, धूर गया डोयामा. होळी अजून पेटलीही नव्हती.

मला काय सहन होणार नाही? एकच गोष्ट असू शकते. विहीर बुजवायचं नक्की झालंय आणि माझ्यापासून लपवतायत. आणि त्यात माझी बायको सामील! लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. आज पहिल्यांदा तिच्या हातचं पुरण गळ्याखाली उतरेना.

७ मार्च, गुरुवार

सरलाला विचारलं. विहिरीबद्दल काय ठरलंय? म्हणाली, काहीच नाही. मॅडमबरोबर काय बोलत होतीस? म्हणाली, बायांच्या गोष्टी. मी म्हटलं, माझ्या डोळ्यांत बघून सांग. तर म्हणाली, "तुम्हले समदासवरच संशय येस. उद्या आरसामा दखशात ना, तं त्यावर बी येई."

असं टाकून बोलायची तिला सवय आहे. पण मग भाकरी थापता थापता एकदम म्हणाली, "पावडरना डबा कोठे ठेवतस तुम्ही?"

मी चमकलो. पावडरीचं तिला कधी सांगितलं नव्हतं.

म्हणाली, तुमचे कपडे मी धुते, हाताच्या भेगांना तेल मी लावते, मला कळणार नाही? मग सांगितलं सगळं. वाटलं ओरडेल. ओरडली नाही. रेघ कुठून कुठे, मुठी किती, सगळं विचारून घेतलं. शेवटी म्हणाली, "दगाभाऊसाठे करतस ना? करा. मी ना नही म्हनत. पन आते पावडर मी लयसू. तुम्हना गुडघा दुखस, बाजार दूर शे."

मला जरा बरं वाटलं. माणूस सामील असला तरी अजून आपला आहे.

१४ मार्च, गुरुवार

सरलाने नवी पावडर आणून डबा काठोकाठ भरून ठेवला. आधीच्यापेक्षा जड वाटते. दुकानदाराने पाणी मारलं असेल. विचारलं कुठल्या दुकानातून, तर म्हणाली नवीन दुकान आहे, चांगली मिळते.

मॅडम पुन्हा कॅन घेऊन आल्या. तीनही वाफ्यांवर नव्याने जंतू शिंपडले. भूपेंद्रभाई तापले होते, "हे सगळं परत का?" त्यावर मॅडम खाली मान घालून म्हणाल्या, "चूक माझी होती सर. मिश्रणाचं प्रमाण चुकलं. एक महिना द्या."

मी समोरच होतो. स्वतःच्या तोंडाने चूक कबूल केली! एवढी शिकलेली बाई, आणि दोन महिने आम्हाला चुकीचं मिश्रण वापरून दाखवत होती. हेमराजला सांगितलं तर त्याने टाळीच दिली. मी पण दिली, पण का कोण जाणे, मजा आली नाही. मॅडमचा आवाज फार बारीक झाला होता.

२० मार्च, बुधवार. पाडवा

सरला बाजारातून रांगोळीचे पुडे घेऊन आली. एक-दोन नाही, पिशवीभर. मी म्हटलं, चाळीचं अंगण केवढं आणि ही रांगोळी केवढी? दिवाळी काय उद्यावर आली? म्हणाली, "आज पाडवा, पुढे आखाजी. लागस." दारात मात्र काढली ती टिचभर. बाकीची कुठे ठेवली विचारलं, तर तोंडात साखरेची गाठी कोंबली.

बायकांच्या हिशेबात मी पडत नाही.

रेघ रोज ओढतो. बोटांच्या भेगा भरून आल्या. सरला म्हणते तिच्या खोबरेल तेलाचा गुण. असेल.

२ एप्रिल, मंगळवार

चाळीतल्या इंदुबाई धुणं घेऊन जाताना थांबल्या आणि पदर नाकावरून काढून म्हणाल्या, "भाऊ, आज वास कमी वाटस." शेजारचा बळीराम म्हणाला, कमी कसला, नाहीच. मी दोघांच्या तोंडाकडे नीट बघितलं. ह्यांना कुणी पढवलं असेल का? पण इंदुबाईंना पढवणं भूपेंद्रभाईंच्या बापालाही जमायचं नाही.

मग कुणी बघत नाही असं पाहून पहिल्या वाफ्यातली माती उचलली. चिकटली नाही. बोटांतून गळाली. साळुंक्या वाफ्यावर काहीतरी टिपत होत्या.

मॅडम आजकाल सारख्या हसतात. सकाळी आल्या की आधी माझ्या पांढऱ्या रेघेकडे बघतात, मग माझ्याकडे, आणि काही बोलत नाहीत. रेघ त्यांना दिसते हे आता नक्की झालं. मग आधी फिनाइलला सुद्धा नाही म्हणणारी बाई आता गप्प का? ह्यामागे काय आहे ते मला शोधून काढायचंय.

१२ एप्रिल, शुक्रवार

रिपोर्ट आला. तीनही वाफ्यांतलं तेल उतरलं. चौथ्याची माती तर सरकारी साहेबाने हातात घेऊन बघितली आणि म्हणाला, ह्यात भेंडी लावा. विहिरीच्या पाण्यावरचा तवंगही काढून काढून संपत आलाय. जमिनीतून आता नवीन तेल उतरत नाही, असं मॅडम म्हणाल्या. प्यायला वर्षभर तरी नाही, पण बुजवायचं कारण उरलं नाही. हेमराजच्या डंपरला नकार कळवला. तो मला न भेटताच गेला. आपला माणूस!

मी भूपेंद्रभाईंना म्हटलं, "भाई, राखण चोख होती म्हणून झालं. रोज पांढरी रेघ होती माझी." मॅडम शेजारीच उभ्या होत्या. त्यांना एकदम खोकला आला. मग म्हणाल्या, "हो सर. काकांची रेघ होती." भूपेंद्रभाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली.

शेवटी सत्य बाहेर येतंच. जंतूंचा गुण किती आणि उन्हाचा किती हे देव जाणे, पण आमच्या चाळीत एक माणूस आजारी पडला नाही, तो गुण माझ्या पावडरीचा. दगाची विहीर वाचली. आज घरी येऊन मी त्याच्या फोटोपुढे बसलो आणि बायकोदेखत रडलो. ती जवळ येऊन बसली. पाठीवरून हात फिरवत राहिली.

२० एप्रिल, शनिवार. आखाजी



आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावाने नवी घागर भरतात. दगाची घागर मागच्या वर्षीही ह्याच विहिरीच्या पाण्याने भरली होती. यंदा सरला सकाळीच म्हणाली, तिथूनच भरायची. मी म्हटलं, मॅडम म्हणतात वर्षभर पिऊ नका. तर म्हणाली, "दगाभाऊले आते काय व्हनार शे? त्यानी विहीर, त्याले त्यानंच पानी." आणि घागर घेऊन गेली.

घागरीला गुंडाळायचा लाल कपडा मी नळावर धुतला आणि ओलाच खांद्यावर टाकला. सुती, नवा कोरा. सणाचा दिवस असला तरी रेघ चुकवायची नाही, म्हणून डबा घेऊन वाफ्यांकडे निघालो. झाकण घट्ट बसलं होतं. जोर लावला तर एकदम निघालं आणि ओंजळभर पावडर खांद्यावर सांडली, सगळी त्या ओल्या लाल कपड्यावर.

माझ्या तोंडातून शिवी गेली. वीस वर्षं क्लोरीनच्या हौदावर काढलेल्या माणसाला सांगायला नको. असला कच्चा लाल रंग डोळ्यांदेखत पिवळा पडतो, मग पांढरा. मी कपडा घाईने झटकला आणि डाग किती पडले ते बघत उभा राहिलो.

डाग पडले नाहीत.

थोडं थांबलो. ऊन चांगलं तापलं होतं. कपडा पिळून पुन्हा बघितला. लाल तो लालच. मग डब्यातली चिमूटभर ओल्या तळहातावर घेऊन चोळली. चावली नाही. दगडाच्या भुकटीसारखी खरखर लागली. दारात सरला रोज दोन बोटांतून सोडते, तीच.

मी तिथेच विहिरीच्या कठड्यावर बसलो. पिशवीभर पुडे. जड डबा. भरून आलेल्या भेगा. होळीच्या दिवशी निळं झालेलं पाणी आणि माझ्या हातांकडे बघणाऱ्या मॅडम. त्यासले सहन नही व्हनार. एकेक आठवत गेलं आणि एकेक जागेवर बसत गेलं. मी पावडर टाकत होतो तोवर तीन वाफे मेलेले होते, आणि गुडघ्यामुळे जिथे गेलो नाही तो एकटा जिवंत होता. दोन महिने मी माझ्या हाताने दगाची विहीर बुजवत होतो. हेमराजला डंपर आणायची गरजच नव्हती.

आणि ती पोरगी मालकासमोर मान खाली घालून म्हणाली, चूक माझी. मी त्यावर टाळी दिली.

फार लाज वाटली. तशी लाज ह्याआधी कधी वाटली नव्हती. वाटलं, विहिरीत डोकावून दगाला काहीतरी सांगावं. डोकावलो. पाणी स्वच्छ होतं, माझं तोंड दिसत होतं, आणि मागे कठड्याशी सरला घागर काखेत घेऊन उभी असलेली दिसली.

तिने उघडा डबा बघितला. खांद्यावरचा लाल कपडा बघितला, त्यावर अजून पांढरं चिकटलेलं.  ती पांढरी पडली होती, मी आता काय करतो म्हणून.

मी डबा उचलला. रोजच्यासारखी पहिल्या वाफ्यापासून सुरुवात केली, दुसरा, तिसरा, मग विहिरीच्या कडेने. हळूहळू, कुठे तुटू न देता. शेवटी नाला ओलांडून चौथ्या वाफ्यालाही पहिल्यांदा ओढली. गुडघा दुखला. ओढून झाल्यावर परत आलो आणि घागरीला कपडा गुंडाळला.

जेवताना तिने सांजोऱ्या वाढल्या. एक जास्त वाढली. मी म्हटलं, एक डबा भरून मॅडमसाठी ठेव, सोमवारी त्या आल्या की मी स्वतः देतो. ती हो म्हणाली. मग माझ्याकडे न बघताच विचारलं, "पावडर सरत उनी का? सोमवारले बाजारमा जासू. लयसू का?"

मी म्हटलं, "लई ये. दोन पुडा जास्तीना लई ये."